टीडीएस मीटर कुठला घ्यायचा? आधी तुमच्या तीन आकड्यांचं बघू

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की अकोला जिल्ह्यातल्या तुमच्या घरच्या बोअरचं पाणी तुम्ही तीन मीटरनी मोजलं, ऑनलाइन मागवलेल्या अडीचशे रुपयांच्या पेनवर, म्हणजे पेनाच्या आकाराच्या मीटरवर, ८४० आलं, आरओ विकायला आलेल्या माणसाच्या मीटरवर ११८० आणि भाच्याने कॉलेजातून आणलेल्यावर १६८०, पाणी तेच, ग्लास तोच. आता तुम्हाला एकदाचा अचूक मीटर घ्यायचाय, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. मी पाणी तपासणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलीत आणि त्यातली बरीचशी तुमच्याकडच्याच खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचे तिन्ही मीटर बहुतेक बरोबर आहेत.

कसं ते सांगतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. टीडीएस मीटर टीडीएस मोजत नाही, मोजतो ती पाण्यातून वीज किती सहज जाते ते, म्हणजे ईसी. दोन पिना पाण्यात बुडतात, त्यांच्यात बारीकसा करंट सोडला जातो, पाण्यात विरघळलेले क्षार जेवढे जास्त तेवढी वीज जास्त वाहते. हा आकडा मायक्रोसिमेन्समध्ये येतो. मग मीटरच्या आतली चिप त्याला एका ठरलेल्या आकड्याने गुणते आणि पीपीएम, म्हणजे लिटरला मिलिग्रॅम, म्हणून दाखवते. हा गुणक सगळ्या मीटरमध्ये एक नसतो, तिथेच सगळी गडबड आहे. काही मीटर पाण्यात फक्त मीठ आहे असं धरून ०.५ ने गुणतात, काही ०.७ ने, कारण ते सोडियम सल्फेट ४०, सोडियम बायकार्बोनेट ४० आणि मीठ २० टक्के असं मिश्रण धरतात, यालाच बाजारात ४४२ म्हणतात. आता तुमचे आकडे घ्या. १६८० गुणिले ०.५ म्हणजे ८४०. १६८० गुणिले ०.७ म्हणजे ११७६, म्हणजे जवळपास ११८०. आणि भाच्याचा मीटर टीडीएसवर नसून ईसीवर असणार, स्क्रीनच्या कोपऱ्यात पीपीएमऐवजी बारीक अक्षरात µS दिसतं का बघा, बऱ्याच मीटरमध्ये एक बटण दाबलं की तो एकातून दुसऱ्यात जातो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

मग खरा टीडीएस किती? लॅबमध्ये आम्ही पाणी गाळून, मोजून घेऊन भांड्यात आटवतो, उरलेला क्षार १८० अंशांवर वाळवून वजन करतो, तो खरा टीडीएस. त्याची ईसीशी तुलना केली की गुणक प्रत्येक विहिरीचा वेगळा निघतो. खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पट्ट्यात जिथे मिठाचा भाग जास्त असतो तिथे तो ०.५ च्या बाजूला झुकतो आणि काळ्या खडकातल्या, चुन्याच्या जड पाण्यात ०.६ ते ०.६५ च्या आसपास येतो. म्हणजे तुमचं पाणी ८४० आणि ११८० च्या मध्ये कुठेतरी आहे. आता बघा, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, म्हणतं की टीडीएस ५०० पर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा. ८४० घ्या की ११८०, दोन्ही ५०० च्या वर आणि २००० च्या खाली, निर्णय काही बदलत नाही. म्हणून मी नेहमी सांगतो की अचूकता कशासाठी हवीय ते आधी ठरवा, मग पैसे काढा.

तरी मीटर घ्यायचाच आहे तर काय बघायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी, जो मीटर ईसी आणि टीडीएस दोन्ही दाखवतो आणि गुणक किती ते माहितीपत्रकात स्पष्ट लिहितो तोच घ्या, गुणक बदलता आला तर अजून चांगलं. आणि वहीत नेहमी ईसी लिहा. ईसी हा मोजलेला आकडा, टीडीएस हा हिशोबाने काढलेला. लॅबचा रिपोर्ट, आरओवाल्याचा मीटर, तुमचा मीटर, सगळ्यांची तुलना ईसीवर करता येते, टीडीएसवर केली की भांडणं होतात, मी अशी भांडणं काउंटरवर उभं राहून सोडवलीत.

दुसरं, अचूकता ±२% असं लिहिलेलं असतं त्याच्या पुढचे दोन शब्द वाचा. रीडिंगच्या २ टक्के की फुल स्केलच्या २ टक्के? पेनची रेंज ९९९० पर्यंत असेल आणि अचूकता फुल स्केलची असेल तर २ टक्के म्हणजे जवळपास २०० पीपीएम इकडे किंवा तिकडे. बोअरच्या पाण्याला हे कसंतरी चालेल पण आरओमधून निघणाऱ्या ६० पीपीएमच्या पाण्याला २०० ची चूक घेऊन काय करणार? प्रत्यक्षात बरे पेन खालच्या आकड्यांना यापेक्षा चांगले चालतात, पण कंपनी कागदावर हमी कसली देतेय ते कळलं पाहिजे. आणि १ पीपीएमपर्यंत आकडा दिसतो म्हणजे तेवढा अचूक आहे असं समजू नका, तो फक्त दिसण्याचा बारीकपणा झाला, वजनकाट्यावर ग्रॅम दिसले म्हणून काटा खरा ठरत नाही तसंच.

तिसरं तापमान. पाणी एक अंश तापलं की ईसी साधारण २ टक्क्यांनी वाढते, म्हणून सगळे आकडे २५ अंशांवर आणून सांगायची पद्धत आहे. मीटरवर एटीसी लिहिलं असेल तर तो हे गणित स्वतः करतो. मे महिन्यात अकोल्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी ३८ अंशांना सहज जातं, एटीसी नसेल तर तेच पाणी २६ टक्के जास्त खारट दिसेल आणि तुम्हाला वाटेल बोअर बिघडली. मीटर तापमान स्क्रीनवर दाखवत असेल तर उत्तम, म्हणजे सेन्सर चालू आहे हे तरी कळतं. एटीसी असला तरी गरम पाण्यात पिना घालून लगेच आकडा वाचू नका, सेन्सरला पाण्याच्या तापमानाला यायला अर्धा-एक मिनिट लागतं, उकळत्या पाण्यात तर घालूच नका.

चौथं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मीटर कॅलिब्रेट करता आला पाहिजे. मागे एक बारीक स्क्रू किंवा कॅलचं बटण असतं. सोबत द्रावणाची बाटली घ्या. तुमच्या पाण्यासाठी १४१३ मायक्रोसिमेन्सचं पोटॅशियम क्लोराईडचं द्रावण योग्य, कारण तुमचं पाणी त्याच्या जवळपास आहे. स्वस्त पेनसोबत ३४२ पीपीएमचं मिठाचं द्रावण सांगतात, ती ईसी जवळपास ७००, तेही चालेल, पण तत्त्व एवढंच की ज्या आकड्याच्या आसपास मोजायचंय त्याच आसपासच्या द्रावणाने मीटर लावून घ्यायचा. द्रावण छोट्या कपात काढून घ्या, वापरून झालं की फेकून द्या, बाटलीत परत ओतू नका आणि बाटलीत थेट पिना बुडवू नका, एकदा का ते खराब झालं की चुकीच्या मापाने सगळं मोजत राहाल.

द्रावण मिळेपर्यंत घरच्या घरी मीटर पारखायचे दोन मार्ग आहेत. एक, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, ते आधी मोजा, पाचच्या आत यायला हवं, जास्त येत असेल तर दुसऱ्या दुकानातून आणा. मग बोअरचं पाणी एक कप आणि हे पाणी एक कप असं मिसळा आणि मोजा. आकडा निम्म्याच्या जवळ यायला हवा, थोडासा वर आला तर काळजी नाही. ८४० चे ४३० आले तर मीटर सरळ चाललाय, ५५० आले तर तो मीटर परत करा. दुसरं, स्वयंपाकाच्या काट्यावर १० ग्रॅम मीठ घ्या, डिस्टिल्ड वॉटरमध्ये घालून एक लिटर करा, त्यातले १०० मिली घेऊन परत डिस्टिल्डनेच एक लिटर करा. आता लिटरला एक ग्रॅम मीठ झालं. यात ईसी २००० च्या आसपास येते, ०.५ चा मीटर १००० दाखवेल आणि ०.७ चा १४०० दाखवेल. घरचं मीठ थोडं ओलसर असतं म्हणून चार-पाच टक्के इकडेतिकडे होणारच, पण मीटरचा गुणक कुठला ते पाच मिनिटांत उघडं पडतं. थेट एक ग्रॅम मोजायला जाऊ नका, स्वयंपाकाचा काटा एवढ्या लहान वजनाला विश्वासाचा नसतो, म्हणून हा दहापट करून पातळ करायचा खटाटोप.

अजून एक चूक सांगतो जी मी शेकड्याने बघितलीय. बऱ्याच पेनमध्ये ९९९ च्या वर गेलं की आकडा दहाच्या पटीत दिसतो, कोपऱ्यात x१० असं चिन्ह लुकलुकतं. म्हणजे १४२ दिसतंय पण आहे १४२०. लोक आनंदाने सांगतात की आमच्या बोअरला १४२ आहे, आणि चहा तर फाटतोय. पाण्याची चव आणि आकडा जुळत नसेल तर आधी ते चिन्ह बघा, मग बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या बदला, उतरलेल्या बॅटरीवर आकडे भरकटतात.

मोजताना काचेचा किंवा प्लास्टिकचा ग्लास घ्या, स्टीलच्या तांब्यात पिना भांड्याला टेकल्या की आकडा बिघडतो. त्याच पाण्याने पिना दोनदा विसळा, खुणेपर्यंतच बुडवा, हलकेच आपटून बुडबुडे काढा, आकडा थांबेपर्यंत थांबा. झालं की झटकून ठेवा. जड पाण्याच्या भागात पिनांवर चुन्याचा थर बसतो, महिन्यातून एकदा पिना थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवून नीट धुवा आणि मग कॅलिब्रेट करा.

किंमतीचं म्हणाल तर दोन-तीनशेचा पेन आरओचं पाणी रोज तपासायला पुरतो, फक्त वर सांगितलेल्या दोन चाचण्यांत पास झाला पाहिजे. दीड-दोन हजाराच्या आसपास ईसी-टीडीएस-तापमान तिन्ही दाखवणारा, कॅलिब्रेट होणारा मीटर मिळतो, तुम्हाला माझा सल्ला याच पायरीचा. त्यावरचे पैसे शाळेची, दवाखान्याची किंवा गावची योजना बघणाऱ्याने घालावेत. आणि एक इशारा, हल्ली एकाच पेनमध्ये टीडीएस, पीएच, सीओडी आणि टीओसी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीची मापं), शुद्धतेचे टक्के असं सगळं दाखवणारे मीटर आलेत. ज्या पेनला फक्त दोन पिना आहेत त्याला सीओडी कळूच शकत नाही, तो टीडीएसवरूनच काहीतरी आकडा बनवून दाखवतो. पीएचला काचेचा वेगळा बल्ब लागतो, तो ओला ठेवावा लागतो, दोन बफरने, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी, लावावा लागतो आणि साधारण वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. हे सगळं अडीचशे रुपयांत होत नाही.

आता ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसलो ते. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पाणी शुद्ध आहे का हे मीटरने कळावं. ताई, हे या मीटरने कळत नाही, कितीही महाग घेतला तरी. एक ग्लास पाणी मोजा, त्यात दोन चमचे साखर विरघळवा, परत मोजा, आकडा जवळपास जागचा हलत नाही, कारण साखर विरघळली तरी तिच्यातून वीज वाहून नेणारे कण सुटत नाहीत. जंतूंचं तसंच, शेतातून उतरलेल्या फवाऱ्याच्या औषधाचं तसंच. आणि जे वीज वाहतात पण अपाय करायला थोडेसेच पुरतात अशांचं काय? काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून सॅम्पल आलं होतं, टीडीएस ४०० च्या आत, चवीला इतकं गोड की आजूबाजूचे लोक मुद्दाम त्या हातपंपावर यायचे. फ्लोराईड निघालं ३ च्या वर. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, नाइलाजाने १.५. एवढं फ्लोराईड मीटरच्या आकड्यात फार तर सात-आठचा फरक करतं, तो कुणाच्या नजरेत भरणार? मुलांच्या दातांवर मात्र पिवळे-तपकिरी पट्टे आलेले होते आणि तिथल्या बायांना वाटायचं की मुलं दात घासत नाहीत. ते सॅम्पल मी अजून विसरलेलो नाही. नायट्रेटचंही असंच, मर्यादा ४५, तान्ह्या बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होते, आणि नायट्रेट वाढतं कुठे तर गोठा, उकिरडा, संडासाचा खड्डा बोअरजवळ असेल तिथे, म्हणजे आपल्या निम्म्या घरांच्या परसात.

आरओ विकणाऱ्याने तुम्हाला पाण्यात दोन दांड्या घालून ते तपकिरी करून दाखवलं असेल. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो, लोखंडाच्या दांडीतलं लोखंड विजेने सुटून खाली बसतं. आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वीजच जात नाही म्हणून ते स्वच्छ राहतं. त्याला म्हणा त्या स्वच्छ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत कर, तेही तसंच होईल. फक्त मुलांना जवळ येऊ देऊ नका, त्या दांड्यांना घरची वीज जोडलेली असते. तुमच्याकडे आरओ लावू नका असं मी म्हणत नाहीये, हजाराच्या आसपासच्या खाऱ्या पाण्याला त्याचा उपयोग आहे. मुंबई-पुण्यात धरणाच्या पाण्याचा टीडीएस मुळातच कमी असतो, तिथे घरोघर आरओ लावून निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडतात त्याचं मला वाईट वाटतं. ५०० च्या खालच्या पाण्याला आरओ वापरायला बंदी घाला असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितलं होतं ते याच कारणाने.

मग मीटरचा उपयोग काय? दोन उपयोग आहेत आणि दोन्ही मोठे आहेत. आरओ असेल तर आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी मोजा, ८४० आत आणि ८० बाहेर म्हणजे नव्वद टक्के क्षार अडले, मेम्ब्रेन, म्हणजे आरओमधला क्षार अडवणारा पडदा, ठणठणीत. हेच बाहेरचं २५० वर गेलं तर मेम्ब्रेन गेली, किंवा मेकॅनिकने टीडीएस कंट्रोलर उघडून कच्चं पाणी मिसळलंय, आधी तो बंद करून बघा मग मेम्ब्रेनचे पैसे द्या. सकाळचा पहिला ग्लास मोजू नका, रात्रभर थांबलेल्या पाण्यात क्षार पलीकडून झिरपलेले असतात.

दुसरा उपयोग वहीचा. दर रविवारी बोअरची ईसी तारखेसह लिहा. चार वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याने अशी वही ठेवली होती, उन्हाळाभर १७०० च्या आसपास, जूनमध्ये दोन जोरदार पाऊस झाले आणि आकडा एकदम ११०० वर आला. घरचे खूश, पाणी गोडं झालं म्हणून. तो माणूस मात्र वही घेऊन माझ्याकडे आला, भूगर्भातलं पाणी दोन दिवसांत असं बदलत नाही हे त्याला कळलं होतं. केसिंग पाइपाच्या बाजूने अंगणातलं, गोठ्याकडचं पाणी सरळ बोअरमध्ये उतरत होतं. एच२एसची बाटली लावली, म्हणजे पाण्यात विष्ठेतले जंतू असले की काळी पडणारी चाचणी, दुसऱ्या दिवशी सकाळी काळी ठिक्कर. बोअरभोवती सिमेंटचा ओटा बांधला, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून बोअर निर्जंतुक केली, मग ते पाणी पिणं सुरू केलं. अडीचशेच्या पेननेही हे कळलं असतं, कारण इथे खरा आकडा किती याला महत्त्व नाही, तो कालच्यापेक्षा किती बदलला याला आहे. म्हणून मीटर एकच वापरा, सारखे बदलू नका.

आता तुम्ही काय करायचं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, त्याच्याकडे फील्ड टेस्ट किट आणि एच२एसच्या बाटल्या असायला हव्यात, नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे का ते तो ओटी टेस्टने दाखवेल, पिवळा रंग यायला हवा, तो नमुना मात्र फेकून द्यायचा, प्यायचा नाही. पाण्याचे स्रोत किती सुरक्षित आहेत त्यानुसार गावाला हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालंय तेही विचारून घ्या. आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा लॅबमध्ये सॅम्पल द्या, फ्लोराईड, नायट्रेट, कठीणपणा, क्लोराईड हे चार तरी मागून घ्या, जंतूंची तपासणी पावसाळ्यानंतर परत एकदा करा. रसायनांसाठी दोन लिटरची स्वच्छ कॅन चालते, कोल्ड्रिंकची नको, त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंच्या तपासणीला लॅबमधलीच निर्जंतुक बाटली आणायची, ती विसळायची नाही, थोडी रिकामी ठेवायची, बर्फात घालून त्याच दिवशी पोचवायची. भरण्याआधी बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जाईल, आणि कॅनवर तारीख, जागा आणि तुमच्या मीटरने आलेली ईसी लिहून द्या. रिपोर्ट आला की त्यांचा ईसीचा आकडा तुमच्या आकड्याशेजारी लिहा, पाच टक्क्यांच्या आत जुळला तर मीटर बदलायची काही गरज नाही, मग तो अडीचशेचा असला तरी.